मास्तरांच्या भिंतीवरचा चेहरा

१

"बाई, माझी बायको गेली."

दार उघडल्या उघडल्या मास्तरांनी हे ऐकवलं. मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी. मास्तरांची बायको जाऊन कैक वर्षं झाली, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. म्हटलं, झालं, डोळे गेलेच होते, आता डोकंही गेलं.

"अहो मास्तर, त्या कधीच्या गेल्या."

"ती गेली तेव्हा उशाशी मीच होतो. ते काय तुम्ही मला सांगणार? भिंतीवरची गेली म्हणतोय मी."

तेव्हा माझी ट्यूब पेटली.

मास्तर माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. जन्मभर पुतळे घडवले. लग्नानंतर लगेचच त्यांनी बायकोला आडवं झोपवून तिच्या तोंडावर ओलं प्लास्टर थापलं, श्वास घ्यायला नाकात दोन नळ्या घातल्या आणि साचा काढला. त्या साच्यात ओतून तिचा चेहरा केला. पांढरा, डोळे मिटलेला, अगदी हुबेहूब. पुढे दोघांचा संसार झाला, लेक झाली, बायको गेली आणि मग हळूहळू मास्तरांची नजर गेली. तेव्हापासून तो चेहरा पलंगाशेजारी, हाताला लागेल असा टांगलेला असायचा. सकाळी उठलं की आधी त्याच्यावरून हात, मग चहा.

मास्तरांना हाताला धरून मी जिना चढून वर गेले. भिंतीवर ओल आली होती, खिळा होता तिथे भोक होतं. बाकी काही नव्हतं.

"काल माझा चेला आला होता," मास्तर म्हणाले. "भिंत ओली झाली म्हणून त्याने चेहरा उतरवून टेबलावर झाकून ठेवला. मी तेव्हा लेकीबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. ती आज पहाटे तिच्या गावी गेली. मी उठलो, टेबल चाचपलं. नुसतं फडकं."

पलंगाच्या कडेवर बसून ते ओल्या भिंतीवर हात फिरवत होते. "बाई, डोळ्यांनी मी तिला कधीच विसरलोय. आता आठवायला जातो तर नाकडोळे लागतच नाहीत. बोटांना तेवढी आठवते. तेही गेलं तर मग माझ्याजवळ काही राहत नाही हो."

असलं काही ऐकलं की मला राग येतो. रडू येण्यापेक्षा बरा. म्हटलं, "रडू नका. शोधते."

म्हटलं खरं, पण शोधणार कुठे?

२

मी काही पोलीस नाही. मी फोटो सरळ करते.

हसू नका. जगात लोक फोन आडवा धरतात, तिरका धरतात, उलटा धरतात आणि तसेच फोटो अर्जाला चिकटवून मोकळे होतात. एक लांबचं ऑफिस ते सगळे फोटो माझ्याकडे ढकलतं. ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं, फोटो त्यात टाकायचा. चार बटणं आहेत: डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, डावं-उजवं उलटवा, वरचं-खालचं उलटवा. आरशातल्यासारखा आला असेल तर उलटवायचा, लोळत आला असेल तर उभा करायचा. दिवसभर माझ्या घरात माणसांची ही गर्दी असते, आणि एकही माझं नाही. मावशी मला सरळबाई म्हणतात.

मावशी म्हणजे मास्तरांकडे स्वयंपाकाला येतात त्या. त्या दिवशी त्या ओट्याला टेकून रडत होत्या, कारण मास्तरांच्या लेकीने फोनवरून त्यांना चोर ठरवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण चोर सापडेपर्यंत संन्याशाचं कोण ऐकतं?

मी लेकीला फोन लावला.

"काकू, यात शोधायचं काय?" ती म्हणाली. "चेल्याने काल दुपारीच मला फोटो पाठवलाय, चेहरा टेबलावर आहे म्हणून. भिंत सुकेपर्यंत हात लावू नका असंही लिहिलंय. संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा तो गेलेला होता. त्यानंतर घरात कोण आलं? मावशी. त्यांना आजच घरी बसवा."

"संध्याकाळी तू चेहरा पाहिलास का?"

"टेबलावर कापड गोळा करून ठेवलेलं होतं. माझी बॅग भरायची गडबड. उचलून कोण बघतं?"

"तू पहाटे निघालीस तेव्हा?"

तिचा आवाज चढला. मग म्हणाली, "म्हणजे मी चोरला म्हणता? माझ्या आईचा चेहरा?" आणि लगेच, आवाज उतरवून, "खरं सांगू? तो भिंतीवर आहे तोवर बाबा तिथून हलणार नाहीत, हे मी शंभरदा बोललेय. एकटे पडून असतात तिथे. मला रात्र रात्र झोप येत नाही. पण बोलले म्हणून काय चोरून नेला?"

उंटावरून शेळ्या हाकणारी ही लेक मला कधी आवडली नव्हती. पण तिच्या आवाजात बापाची काळजी होती, ती काही खोटी वाटली नाही. तरी एवढं खरं की चेहरा नाहीसा झाला तर तिचंच काम सोपं होत होतं.

मग चेला. पुतळे ओतायचा त्याचा स्वतःचा कारखाना आहे. मास्तरांच्या हाताखाली मिसरूड फुटायच्या वयात आला, आता केस पिकले तरी सगळे चेलाच म्हणतात.

"ताई, मी फोटो पाठवलाय ना," तो म्हणाला. "पुढचं मला काय माहीत?" थोडं थांबून त्याने विचारलं, "मास्तर जेवले का?"

"नाही."

त्याने फोन ठेवून दिला. नीट निरोपही घेतला नाही. त्याचं हे वागणं मला खटकलं, पण खटकण्यावर कुणाला धरता येत नाही. त्याच्या बाजूने तर फोटो होता.

३

लेकीने तो फोटो मला पाठवला. अर्थातच लोळत आला होता. मी खाली येऊन ब्राउझरमध्ये टाकला आणि उजवीकडे वळवून उभा केला.

करड्या फडक्यावर पांढरा चेहरा. मिटलेले डोळे, किंचित हसू दाबलेले ओठ. प्लास्टर थापताना बायकोला हसू आवरत नव्हतं, असं मास्तर नेहमी सांगत. डाव्या गालावर तीळ. शेजारी भिंतीतून निघालेला खिळा, त्याला ओल्या गिलाव्याचा गोळा चिकटलेला. खिळ्याची सावली उजवीकडे पडलेली.

म्हणजे फोटो कालचाच. तो खिळा कालच निघाला. चेला सुटला. राहिल्या दोघी, मावशी आणि लेक.

मी मावशींना खाली बोलावलं. त्या पदराने डोळे पुसत आल्या, स्क्रीनकडे बघितलं आणि कंबरेवर हात ठेवला.

"हा कुठला फोटो?"

"कालचा. टेबलावरचा."

"काहीतरीच! मी रोज पुसते तो चेहरा. तीळ कुठाय त्याला? मास्तरांनी हात फिरवून फिरवून कधीच झिजवला. नाकाचा शेंडासुद्धा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झालाय. आणि इथे बघा, नाकाला कशी धार आहे. पापण्यासुद्धा मोजून घ्या."

मी कपाळाला हात लावला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तो चेहरा मी इतक्यांदा पाहिला, पण त्याच्याकडे नीट बघितलं ते मावशींनी.

"म्हणजे जुना फोटो पाठवला त्याने," मी म्हटलं.

"जुन्या फोटोत हा खिळा कुठून येईल? याच्यावर तर चेहरा टांगलेला होता. मीच कितीदा सांगितलं होतं, खिळा हलतोय म्हणून."

मावशी बरोबर बोलत होत्या. खिळा कालचा आणि चेहरा तरुणपणीचा. दोन्ही एकाच फडक्यावर, एकाच उजेडात. आणि असा न झिजलेला चेहरा जगात कुठे नव्हताच, कारण मास्तर अभिमानाने सांगत की एकच ओतला आणि लगेच साचा फोडून टाकला.

मावशी स्वयंपाकाला वर गेल्या. मी त्या चेहऱ्यापुढे बसून राहिले, आणि मला काही म्हणता काही सुचेना.

४

वैतागले की मी बटण दाबत बसते. कुणी नखं खातं, मी फोटो गरगर फिरवते. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. अशीच मी मास्तरांच्या बायकोला फिरवत होते, आणि ती डोकं खाली हनुवटी वर अशी असताना माझं बोट थांबलं.

चेहरा आत गेला.

मी खुर्चीत मागे सरकले. आत्तापर्यंत फुगीर दिसणारे गाल खोलगट झाले होते. नाकाच्या जागी खळगा. पुन्हा सरळ केला, चेहरा वर आला. पुन्हा उलटा केला, आत गेला. अंगावर काटा आला हो माझ्या.

मी उठून स्वयंपाकघरातून वाटी आणली आणि खिडकीशी ठेवली. उजेड डावीकडून येत होता. वाटी पालथी घातली तर तिची डावी बाजू उजळते, उजेडाकडची. उताणी ठेवली तर आतली उजवी बाजू उजळते, उजेडासमोरची. एवढं तर शेंबड्या पोरालाही कळेल.

आता फोटो. खिळ्याची सावली उजवीकडे, म्हणजे उजेड डावीकडून. मग नाकाचीही डावी बाजू उजळायला हवी. पण उजळली होती उजवी. नाक खिळ्याशी भांडत होतं. एकाच उजेडात ते तसं होणार कसं? एकच मार्ग. ते नाक नव्हतंच, नाकाचा खळगा होता. माणसाच्या डोळ्याला चेहऱ्याची इतकी हाव असते की खळगा दाखवला तरी तो त्यातून चेहरा उचलून काढतो. उलटा धरला की ती हाव जरा कमी पडते, आणि मग आहे ते दिसतं.

फोटो चेहऱ्याचा नव्हता. साच्याचा होता. फोडून टाकलेल्या साच्याचा!

चुकून कुणी साच्याचा फोटो काढला असेल, असंही मी मनाशी म्हणून बघितलं. पण साच्यात सगळं आरशातल्यासारखं असतं. त्याचा फोटो काढला तर तीळ उजव्या गालावर दिसायला हवा. इथे तो, मास्तर नेहमी सांगतात तसा, बरोबर डाव्या गालावर होता. म्हणजे कुणीतरी माझ्यासारखंच ब्राउझरमध्ये पान उघडून, फोटो टाकून, डावं-उजवं उलटवा हे बटण दाबलं होतं. कॅमेरा चुकतो, पण इतका सोयीने चुकत नाही.

मी चपला पायात सरकवल्या.

५

चेल्याच्या कारखान्यात सगळीकडे पांढरी धूळ. एका कोपऱ्यात कुणाचे तरी गुडघ्यापर्यंतचे पाय उभे, दुसरीकडे बिनधडाची डोकी. मला बघताच चेल्याची पाचावर धारण बसली. हातातलं फडकं खाली पडलं.

"मांजर डोळे मिटून दूध पितं," मी म्हटलं. "उजेड कुठल्या बाजूने होता ते बघायचं तरी होतंस."

आतल्या फळीवरून त्याने एक पोतं आणलं आणि माझ्यासमोर उघडलं. आत पांढरे तुकडे. एका तुकड्यावर ओठांचा कोपरा होता, हसू दाबलेला.

"मी हात लावला आणि खिळाच निघून आला, ताई. भिंत पार भिजली होती. चेहरा माझ्या पायाशी पडून फुटला." तो खाली बसला. "इतकी वर्षं मास्तरांनी मला एक शिव्यांशिवाय काही दिलं नाही, पण घरची किल्ली दिली. त्या किल्लीने आत जाऊन मी हे केलं."

"आणि साचा? तो तर फोडला होता ना?"

"मलाच फोडायला सांगितला होता. बायको एक तर चेहराही एकच, म्हणाले. मी नवा होतो. मास्तरांच्या बायकोला मी आईच म्हणायचो, त्या मला पहिल्या दिवसापासून जेवल्याशिवाय पाठवत नसत. त्यांच्या तोंडावर हातोडा कसा मारू? बाहेर जाऊन एक फुटकी कुंडी आपटली, आवाज ऐकवला, आणि साचा हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवला. ती पेटी मास्तरांच्या पलंगाखालीच आहे. ते रोज त्याच्यावरच झोपायचे."

त्याने कापड बाजूला केलं. साचा होता, आतून पिवळट पडलेला. भुवईच्या खाचेत एक काळा केस प्लास्टरमध्ये अडकून राहिला होता. तो प्लास्टरचा नव्हता, खरा होता. शेजारी नवा ओतलेला चेहरा वाळत होता.

"सुकला की नेऊन टांगणार होतो. तेवढा वेळ मिळावा म्हणून तो फोटो."

"आणि मावशींचं काय? त्यांच्या अंगावर चोरी आली, तुला ठाऊक होतं?"

"लेकीचा फोन आला होता." त्याने मान खाली घातली. "सांगणार होतो. तोंडातून शब्द फुटला नाही."

"तो शब्द आता मास्तरांपुढे फोड," मी म्हटलं. "आणि साचा, नवा चेहरा, दोन्ही घे बरोबर."

६

जिन्यातूनच मी लेकीला फोन लावला आणि झालं ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशींना देता फोन?" मावशींनी फोन कानाला लावला, ऐकलं, आणि "असू दे गं पोरी" एवढंच म्हणाल्या. माझ्याकडून ती इतक्या स्वस्तात सुटली नसती.

चेल्याने मास्तरांपुढे बसून सगळं सांगितलं. खिळा, पडणं, पोतं. फक्त साच्याचं नाव तेवढं घेतलं नाही. मास्तर ऐकत राहिले. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण त्यांनी नुसते हात पुढे केले. "दे."

चेल्याने नवा चेहरा त्यांच्या हातात ठेवला. मास्तरांची बोटं कपाळावरून खाली आली, नाकावर थांबली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली.

"ही कोण?"

"आईच आहेत, मास्तर."

"नाही रे. हिच्या नाकाला धार आहे. हिला मी कधी हातच लावलेला नाही." त्यांनी तो चेहरा पलंगावर ठेवून दिला, अगदी हळू, पाहुण्या बाईला बसायला सांगावं तसा. "घेऊन जा. माझी ती पोत्यातली."

मावशी तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. माझा सगळा शोध, सगळी हुशारी तिथे पलंगावर पडली होती आणि म्हाताऱ्याच्या हाती काही आलं नव्हतं. मला इतकं वाईट आजवर कुणा परक्याबद्दल वाटलं नव्हतं.

मग मास्तरांनीच मान वर केली. "ओतलास कशातून?"

मी चेल्याला कोपराने ढोसलं.

"साचा आहे, मास्तर," तो म्हणाला. "मी फोडलाच नव्हता. फोडली ती कुंडी."

मास्तरांचे ओठ थरथरले. शिवी येणार असं वाटलं, पण आली नाही. "आण इकडे," ते म्हणाले.

साचा त्यांनी मांडीवर घेतला. बाहेरून तो नुसता ओबडधोबड गोळा. त्यांनी उताणा केला आणि हात आत घातला. बोटं खळग्यातून फिरू लागली, आणि फिरता फिरता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"अरे गाढवा," ते म्हणाले, "भिंतीवर होती ती नक्कल रे. ही आत्ता ओतलीस तीही नक्कल. हा तिला लागलेला आहे. तिचा गाल इथे होता. इथे. ती हसत होती आणि मी ओरडत होतो, हलू नको म्हणून."

त्यांनी साचा दोन्ही हातांनी उचलला, मान खाली घातली आणि स्वतःचं तोंड त्याच्यात ठेवलं. नाक जरा अडलं. त्यांनी मान थोडी वळवली, मग बसलं.

"गार आहे," आतून आवाज आला.

आम्ही तिघं उभेच. चेला रडत होता, मावशीही. बराच वेळ गेला. मास्तरांचे खांदे श्वासाबरोबर वरखाली होत होते.

"थांबा," ते आतून म्हणाले. "कोमट होतोय."

मी जिना उतरून खाली आले. खोटं कशाला सांगू, त्या आंधळ्या म्हाताऱ्याचा मला भयंकर हेवा वाटला.